प्रयोगशाळेच्या नावाची सनद

२३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला, तेव्हा सोन्याचांदीवरील जकात उतरल्याच्या वार्तेने सराफपेठांत जो उल्हास पसरला त्याच्या गलबल्यात, त्याच दस्तऐवजाच्या एका कोपऱ्यात पडून राहिलेली एक नोंद बहुतेकांच्या दृष्टीतून निसटली. ती अशी की प्रयोगशाळांत वापरावयाच्या रसायनांवरील आयात जकात, जी त्या दिवसापर्यंत शेकडा १० होती, ती यापुढे शेकडा १५० राहील. ज्यांच्या हातून ही रसायने रोज खर्ची पडतात ते संशोधक, प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रथम हबकले, मग ओरडले, आणि त्यांच्या ओरडण्याला, सरकारदरबारी क्वचितच लाभावे असे यश इतक्या त्वरेने लाभले की ऑगस्ट उजाडतो न उजाडतो तोच अर्थखात्याने नवी अधिसूचना काढून, ‘हा माल मी स्वतःच्या कामासाठी आणीत आहे, विकण्यासाठी नव्हे’ असे हमीपत्र जो लिहून देईल त्याच्यापुरता जुना दर बहाल केला.

असा अचाट दर सुचावा तरी का, याचे जे कारण तेव्हा सांगण्यात आले ते मोठे बोधप्रद होते. जकातीच्या कोष्टकात ९८०२ क्रमांकाचे एक सदर आहे. ५०० ग्रॅम अथवा ५०० मिलीलिटर यांहून मोठ्या नसलेल्या बाटल्यांत आलेले, आणि शुद्धतेवरून वा खुणांवरून केवळ प्रयोगशाळेसाठीच आहे असे ओळखू येणारे कोणतेही रसायन, मग त्याचे नाव काहीही असो, त्या एकाच सदरात बसते. पिण्याजोगा राहील असा शुद्ध मद्यार्क उघड्या दाराने आणावयाचा तर त्यावर तेव्हा शेकडा १५० जकात होती. तोच प्रयोगशाळेच्या नावाखाली आणला तर अर्थसंकल्पापूर्वी शेकडा १०. व्यापाऱ्याच्या बुद्धीला एवढी फट पुरेशी असते. ती फट बुजविण्यासाठी शासनाने जो दगड उचलला तो मद्यार्काच्या मोरीवर न बसता समस्त विज्ञानशाळांच्या दारात बसला, एवढाच काय तो या आठ-दहा दिवसांच्या नाट्याचा इत्यर्थ.

हे नाट्य संपले असले तरी त्यात उघडा पडलेला प्रश्न संपलेला नाही, आणि त्याचा संबंध मुंबईच्या बंदराशी जितका आहे तितकाच, माझ्या मते, आमच्या जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणाशी आहे. ‘केवळ प्रयोगशाळेसाठी’ ही चार अक्षरे ज्या बाटलीवर असतात तिला समाजाने एक प्रकारची सनद दिलेली असते: जकातीत सवलत, औषधांना लागणाऱ्या कठोर परीक्षांतून सूट, वैद्याच्या चिठ्ठीवाचून विक्रीची मुभा. ही सनद विश्वासावर दिलेली आहे. तिचा गैरवापर झाला की राज्यकर्त्यांचा हात प्रथम जातो तो प्रामाणिक धारकाच्या मानगुटीकडे, कारण त्याचा पत्ता दप्तरात नोंदलेला असतो. आणि ज्याने गैरवापर केला त्याचा पत्ता कोणालाच ठाऊक नसतो.

आज या सनदेचा सर्वांत मोठा दुरुपयोग कोणत्या पदार्थाच्या बाबतीत होत असेल तर तो कृत्रिम पेप्टाइडांच्या. अमिनो आम्लांचे रेणू एकापुढे एक जोडून झालेली आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड, आणि तीच साखळी शेकडो कड्यांची होऊन विशिष्ट आकारात दुमडली म्हणजे प्रथिन. शरीरातील अनेक संप्रेरके, म्हणजे रक्तातून निरोप वाहणारी द्रव्ये, अशा आखूड साखळ्याच आहेत. हे शब्द जड वाटले तरी ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे त्या घरातील शीतपेटीत ५१ अमिनो आम्लांचे इन्शुलिन पुष्कळदा ठेवलेले असते. जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर याने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा साखळ्या काचपात्रात जोडून दाखविल्या. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो याने ऑक्सिटोसिन हे नऊ कड्यांचे संप्रेरक संपूर्ण कृत्रिम रीतीने सिद्ध केले आणि दोन वर्षांनी नोबेल पारितोषिक मिळविले. परंतु ती सारी कारागिरी हाताची होती. प्रत्येक कडी जोडली की मधला पदार्थ वेगळा काढा, स्फटिक करा, तोला, पुन्हा विरघळवा, अशी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मेरिफील्ड याने १९६३ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली, जिच्या सुलभपणाकडे पाहून आज आश्चर्य वाटते: साखळीचे एक टोक, ती पुरी होईपर्यंत, राळेच्या बारीक मण्याला जखडून टाकावयाचे, आणि मग दोऱ्याची गाठ खुंटीला मारून गजरा ओवावा तशी एकेक कडी ओवीत, प्रत्येक वेळी उरलेसुरले धुऊन टाकीत पुढे जावयाचे. हे काम यंत्राला शिकविता आले, मेरिफील्डला १९८४ चे नोबेल मिळाले, आणि प्रयोगशाळांना हवी ती साखळी टपालाने मागविता येऊ लागली.

या पद्धतीत एक अंगभूत उणीव आहे आणि ती गणिताची आहे. तीस कड्यांची साखळी ओवायची म्हणजे एकोणतीस जोड आले. प्रत्येक जोड शंभरांत नव्याण्णव वेळा साधला तरी शेवटी शंभरांतील ७५ साखळ्याच बिनचूक उतरतात, आणि जोड ९५ वेळाच साधत असेल तर अवघ्या २३. राहिलेल्यांत कुठे तरी एखादी कडी गळालेली असते, आणि अशा व्यंग साखळ्या मूळ साखळीच्या इतक्या सख्ख्या असतात की त्या निवडून काढणे हेच या धंद्यातील खरे खर्चाचे काम. म्हणूनच विक्रेता शेकडा ७० शुद्धतेची भुकटी एका भावाने देतो, ९५ ची दुसऱ्या. आणि ज्याला केवळ सशाला टोचून प्रतिपिंडे तयार करावयाची आहेत तो स्वस्तातली घेतो व त्याचे काम भागते. त्यात गैर काही नाही. कुपीतील त्या पांढऱ्या भुकटीच्या वजनात पेप्टाइडाबरोबर पाणी व क्षारही मोजलेले असतात, म्हणजे एक मिलिग्रॅम लिहिलेले असले तरी आत खरे पेप्टाइड त्याहून कमी असते, हे संशोधकाला ठाऊक असते आणि तो त्याप्रमाणे हिशेब करतो. भुकटी निर्जंतुक आहे की नाही, जिवाणूंच्या कवचातून सुटणारे आणि रक्तात गेल्यास ज्वर आणणारे विष तीत आहे की नाही, याची तपासणी सर्वसाधारणपणे केलेलीच नसते. काचपट्टीवरच्या पेशीला वा परीक्षानळीला ती पुष्कळदा लागतही नाही. तेव्हा ‘मानवी उपयोगासाठी नव्हे’ हे जे चिठ्ठीवर छापलेले असते तो वकिलाने सुचविलेला बचाव आहे असे मानणे अन्यायाचे होईल. काय तपासलेले नाही याची ती प्रांजळ कबुली असते. निदान मूळ कारखान्याच्या हातून निघताना तरी असते.

आता या रासायनिक कथेचा जालन्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली तेव्हा त्या सोन्याचा अर्थ कापूस आणि सराफी असा असावा. परंतु १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना केली तेव्हापासून या पाळण्यात बियाणे वाढले, आणि त्या बियाण्याने १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांच्या रूपाने या गावात आणला. त्याच महिकोने १९९६ च्या सुमारास अमेरिकेतून बीटी कापसाचे जे बियाणे संशोधनासाठी परवानगी घेऊन आणले ते १०० ग्रॅम होते. पुढे २६ मार्च २००२ रोजी तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली, आणि देशाच्या कापसाचे सारे अर्थशास्त्र पालटून टाकणारा तो ओघ ज्या उगमातून निघाला तो ‘संशोधनासाठी’ असा शिक्का असलेला, मुठीत मावेल एवढा एक पुडका होता. त्या सनदेचे मोल काय असते हे जालन्याइतके दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला कळावे?

आणि तिच्या दुरुपयोगाचे मोलही याच भागाने मोजले आहे. तणनाशक सोसणारे, परंतु शासनाची मंजुरी नसलेले कापसाचे बियाणे गेली कित्येक वर्षे विदर्भ-मराठवाड्यात बिननावाच्या पाकिटांतून विकले जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या सत्याग्रहातील तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी कोणाला पटो वा न पटो, मला येथे दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. बिननावाच्या पाकिटात तणनाशक सोसण्याचे ते जनुक खरोखर आहे की नाही हे शेतकऱ्याला पाहून कळत नाही. पानाचा तुकडा चुरडून त्या रसात कागदी पट्टी बुडविली, आणि पट्टीवर बसविलेल्या प्रतिपिंडांनी ते विशिष्ट प्रथिन धरले, तर दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते. अशी प्रतिपिंडे मिळविण्याच्या प्रचलित मार्गांपैकी एक म्हणजे त्या प्रथिनाचा लहानसा तुकडा कृत्रिम पेप्टाइड म्हणून ओवून, वाहक प्रथिनाला जोडून, प्राण्याला टोचणे. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘अभिकर्मक’ म्हणतात तो असा तुकडा. शेतकऱ्याला ठकविणाऱ्याच्या विरुद्ध जो निष्पक्ष साक्षीदार उभा राहू शकतो, तो ज्या सदरावर शेकडा १५० जकात बसविली गेली त्यातून येणाऱ्या कुपीतून निर्माण झालेला असू शकतो.

पेप्टाइडाचा दुसरा परिचय खेड्यापाड्यांतील गोठ्यांना आहे, जरी तेथे त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. पान्हा सोडण्याचे इंजेक्शन म्हणून जे म्हशीला टोचले जाते ते म्हणजे द्यू विन्यो यांचे तेच ऑक्सिटोसिन. रेडकू दगावले, म्हैस आटू लागली, रेडकावाचून ती दूध देईना, की गवळी कोठून तरी एक बिनचिठ्ठीची बाटली आणतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने दुभत्या जनावराला अपायकारक असे काही टोचणे गुन्हा ठरविले आहे, हे त्याला ठाऊक नसते, आणि असले तरी बाटलीत काय आहे, किती आहे, कोणी भरले, हे ना त्याला ठाऊक ना विकणाऱ्याला. मी गवळ्याला दोष देण्याच्या भरीस पडत नाही. दुधाचा भाव आणि पेंडीचा भाव यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाकडून औषधशास्त्राची अपेक्षा करणे सोपे असते.

या बाटलीच्या बंदोबस्तासाठी केंद्र शासनाने काय केले? एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून खाजगी कारखान्यांना देशातील विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनविण्यास मनाई केली आणि ते काम कर्नाटकातील एका सरकारी कंपनीकडे सोपविण्याचा घाट घातला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी हेच औषध प्रत्येक प्रसूतिगृहात, ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हाताशी असावे लागते, तुटवडा झाला तर बाळंतिणी दगावतील, असा आक्रोश वैद्यकीय वर्तुळातून उठला. आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी लहरी आणि अवाजवी ठरवून रद्द केली. गोठ्यातली बिनचिठ्ठीची बाटली त्या साऱ्या काळात परवानाधारक कारखान्यातून येत होती असे कोणी सिद्ध केले नाही. २०१८ च्या या प्रकरणात आणि २०२४ च्या जकातीत बुद्धीचा साचा एकच दिसतो: चोर पळाला तर फिर्याद घेऊन आलेल्यालाच चावडीत बसवून ठेवावयाचे.

तिसरे आणि सर्वांत नवे प्रकरण तरुणांचे आहे. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’ ही वजन उतरविणारी इंजेक्शने भारतात रीतसर आली. दोन्ही मुळात पेप्टाइडे, दोन्ही वैद्याच्या चिठ्ठीची, आणि त्या वेळी दोन्ही मध्यमवर्गाला महाग. जेथे महाग आणि प्रसिद्ध या दोन गोष्टी एकत्र येतात तेथे तिसरी, म्हणजे नक्कल, येण्यास विलंब लागत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्याच साखळ्यांच्या ‘संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या कुप्या, आणि त्यांच्या शेजारी स्नायू भरून येण्याची वा दुखापत झपाट्याने भरण्याची आशा दाखविणाऱ्या ‘बीपीसी-१५७’ सारख्या आणखी कुप्या, कोणालाही सापडतात. या शेवटच्या पंधरा कड्यांच्या पदार्थाला औषध म्हणून मान्यता नाही, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना तो निषिद्ध केला आहे. विक्रेता एका ओळीत लिहितो की हे माणसासाठी नाही, आणि दुसऱ्या ओळीत सुई केवढी असावी ते सांगतो. पोलीस भरतीसाठी पहाटे पाच वाजता जालन्याच्या वा अंबडच्या मैदानावर धावणाऱ्या मुलाला गुडघा दुखतो म्हणून कोणी अशी कुपी सुचविली, तर त्याने ती कोणाला दाखवावी? वैद्याकडे नेली तर तो रागे भरेल. औषधविक्रेता हात वर करील. आणि आई-वडिलांना काही सांगण्याची सोय नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की या तिन्ही ठिकाणी, पाकिटात, बाटलीत आणि कुपीत, उणीव कायद्याची नसून तपासणीची आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, बियाण्यांचा कायदा आहे, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा कायदा आहे. निरीक्षक आहेत, पंचनामे आहेत, जप्त्या होतात. परंतु ज्या जिल्ह्याने देशाला संकरित बियाणे पुरविले त्या जिल्ह्यातील बियाण्याच्या शासकीय परीक्षेचा नमुना जातो तो परभणी, पुणे वा नागपूरला. औषधाचा नमुना जातो छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला. आणि या दोन्ही वाटा अंमलदाराच्या आहेत, सामान्य माणसाच्या नाहीत. निजामी अंमलातील करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांच्या गोष्टी सांगणारे वृद्ध या भागात होते. गाडीत काय आहे हे पाहण्यापेक्षा गाडीवाल्याजवळ काय आहे हे पाहण्यात त्या नाक्यांवरच्या कारकुनांना अधिक रस असे, असे ते सांगत. मालाची परीक्षा हे नाक्याचे काम नव्हे, हे त्यांना आमच्याआधी कळले होते.

जालन्यात आज एक गोष्ट आहे जी पंधरा वर्षांपूर्वी नव्हती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून १९३३ मध्ये जन्मलेल्या आणि माटुंग्याच्या ‘यूडीसीटी’ या नावाने दोन पिढ्यांना परिचित असलेल्या संस्थेने, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने, २०१८ मध्ये आपला मराठवाडा परिसर येथे उघडला. खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. बदनापूरला, जेथून बीडीएन-७११ सारखा तुरीचा वाण बाहेर पडला, ते संशोधन केंद्र आणि कृषी महाविद्यालय आहे. या तिघांच्या मध्ये एक तपासणी कक्ष उभा करणे, जेथे कोणीही नागरिक आपली कुपी, बाटली किंवा पाकीट घेऊन जाईल आणि आत काय आहे एवढे लेखी उत्तर घेऊन येईल, हे एखाद्या महाप्रकल्पाचे काम नव्हे. रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला ऑक्सिटोसिन ओळखण्यासाठी फार वेळ लागत नाही. १००७ च्या आसपास वस्तुमानाची रेघ आली तर ते आहे, न आली तर नाही. आणि द्रव-वर्णलेखन यंत्र शुद्धता सांगते. निर्जंतुकतेची परीक्षा वेगळी आणि अधिक दिवसांची, ती नंतर येईल. खरे आणि खोटे पारखण्यासाठी खऱ्याचा नमुना मात्र लागतो, म्हणजे प्रमाणित पेप्टाइडाच्या लहान लहान कुप्या लागतात. तालुक्याच्या महाविद्यालयाला बंदराहून स्वतः माल आणता येत नाही, ते विक्रेत्याकडून घेते. तेव्हा स्वतः आयात करणाऱ्या मोठ्या संस्थेलाच सोयीची अशी हमीपत्राची अट ज्याने लिहिली त्याने लहान प्रयोगशाळा कधी पाहिलेली नसावी.

यावर आक्षेप येणार तो मला दिसतो: नागरिकाने बेकायदा वस्तू आणून दाखविली तर कक्षाने पोलिसांना कळवावयाचे की नाही? कळविले तर कोणी येणार नाही, न कळविले तर कक्ष गुन्ह्याचा साथीदार ठरेल. माझ्या मते वापरणाऱ्याचे नाव विचारूच नये, विकणाऱ्याचे विचारावे आणि तेही ऐच्छिक ठेवावे. निष्कर्षांची गोषवारा-पत्रके मात्र दर महिन्याला अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जिल्हा कृषी अधिकाऱ्याकडे जावीत, म्हणजे कोणत्या तालुक्यात कसल्या बाटल्या फिरत आहेत हे निरीक्षकाला धाड घालण्याआधी कळेल. पैशाचा प्रश्न जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून सुटण्याजोगा आहे, आणि परीक्षेचे शुल्क एवढेच असावे की ते भरताना गवळ्याने एका वेळच्या दुधाचा हिशेब करू नये. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना कसलेल्या अध्यापकाच्या देखरेखीखाली हे काम दिले तर त्यांना पुस्तकातील काल्पनिक मिश्रणांऐवजी भोकरदन, घनसावंगी, मंठा येथून आलेली खरी मिश्रणे तपासावयास मिळतील. आणि जाफराबादच्या शेतकऱ्याला बिननावाच्या पाकिटाबद्दलचे उत्तर पेरणीच्या आधी मिळावयाचे असेल तर हा कक्ष मे महिन्याच्या आरंभी, म्हणजे नेमका विद्यापीठाच्या सुट्ट्यांच्या ऐन काळात, उघडा ठेवावा लागेल, एवढे नियम लिहिणाऱ्याने विसरू नये.